माऊस: बापाला देवमाणूस न करणारं कॉमिक

आर्ट स्पीगलमनचं 'माऊस' परत वाचलं, परत झोप उडाली. ज्यू उंदीर म्हणून काढलेत, नाझी मांजरं म्हणून, 1992 मध्ये पुलित्झर, हे सगळ्यांना माहितीये, पण खरी कमाल आहे ती त्याच्या बापाची, व्लाडेकची. आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस, तरी चिकट, किरकिरा, अर्धवट संपलेला नाश्त्याच्या सिरियलचा खोका दुकानात परत करायला जाणारा. आणि इतिहासाचं म्हणाल तर ते एक पान बघाच, मुलगा म्हणतो छावणीच्या गेटवर बँड वाजायचा, नोंदी आहेत, बाप म्हणतो छे, मला फक्त आमचं चालणं आठवतंय, आणि चित्रात चालणाऱ्या कैद्यांच्या आड तो बँड जेमतेम दिसतो. दोघांचंही खरं ठेवलंय! घ्यायचं तर दोन्ही भाग एकत्र असलेलंच घ्या, दुसऱ्याशिवाय पहिलं अर्धवट राहतं.