सुपरजेसन भारीय, पण दोन्ही टोकाला जावास्क्रिप्ट पायजे
लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीच्या पावत्यांचं ॲप सांभाळतो, त्यात सुपरजेसन हे जावास्क्रिप्टचं पॅकेज वापरायलो. साधं जेसन, म्हणजे डेटा मजकूर करून पाठवायची पद्धत, सर्वरवरनं ब्राउझरकडं डेटा नेतं खरं, पण तारखेची नुसती स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) होते, मॅपचा (नाव-किंमत जोड्यांची यादी) रिकामा ऑब्जेक्ट येतो, अनडिफाइन्ड (किंमतच न दिलेलं) तर गायबच आणि बिगइंट (लई मोठा पूर्णांक) दिला की सरळ एरर. मग पावत्या तारखेनं लावायला गेलं की म्हणतंय गेटटाइम हे फंक्शनच नाही, घ्या आता! हे पॅकेज डेटा जेसनमध्येच पाठवतं पण सोबत मेटा नावाची चिठ्ठी जोडतं, कोणत्या खान्यात डेट होती, कोणत्यात सेट (एकही किंमत दोनदा नसलेली यादी), पलीकडं पार्स केलं, म्हणजे उलगडलं, की जसंच्या तसं हातात. स्वतः बनवलेले डेटाचे प्रकार (क्लास) मात्र आधी रजिस्टर करावे लागतात. सर्वरवर जावास्क्रिप्टऐवजी पीएचपी ही दुसरी भाषा असली तर उगाच नादाला लागू नका. आणि १.८.१ च्या आधीचं व्हर्जन अजिबात नको, २०२२ मध्ये त्यात प्रोटोटाइप पोल्यूशनचं (बाहेरच्या डेटानं जावास्क्रिप्टच्या मूळ ऑब्जेक्टमध्येच फेरफार) लई मोठं भोक निघालं होतं, बाहेरच्याला सर्वरवर कोड चालवता येत होता. फुकट आहे, एमआयटी लायसन. पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण सोयाबीनच्या सीझनची लांबलचक यादी पाठवली की दर पावतीच्या तारखेची वेगळी नोंद मेटात जाते आन् रिस्पॉन्स फुगतो.