पांदणीसाठी जाड गुटक्यांचे टायर
हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताचे पाणी पांदणीवर, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेवर, उतरले की काळी माती साबणासारखी निसरडी होते, आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाहून सकाळी सायकलने शाळेवर जाणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाची खरी परीक्षा त्या 2 किलोमीटरमध्येच होते. युरोपात बर्फाळ वाटांसाठी खिळे बसवलेले टायर मिळतात. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे मी तालुक्याच्या दुकानातून 26 इंची, जाड गुटक्यांचे, म्हणजे रबराचे उंच ठोकळे असलेले, साधे टायर बसवून घेतले. ओल्या उतारावर चाक घसरणे बरेच कमी झाले, विशेषतः हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली तेव्हा. मात्र पाणी पिऊन फुगणारी ही चिकट माती गुटक्यांच्या फटींत घट्ट बसते, मडगार्डखाली साचते आणि चाक जागीच अडते. शेवटी मी पुढचे मडगार्ड काढून टाकले व माती खरवडण्यासाठी पऱ्हाटीची एक काडी कॅरिअरला कायमची बांधून ठेवली. डांबरी रस्त्यावर हे टायर जड चालतात, म्हणून ज्यांच्या वाटेत पांदण नाही त्यांनी हा खर्च करू नये. दुकानाविषयी मात्र तक्रार आहे: नव्या ट्यूबचे पैसे घेऊन जुनीच ट्यूब बसवली होती, हे आठवड्याने पंक्चर झाल्यावर कळले.