प्रतिकृती-विमानांसाठी करून घेतलेले काचेचे भिंतकपाट

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका ॲल्युमिनियम-काच कारागिराकडून मी विमानांच्या प्रतिकृती ठेवण्यासाठी भिंतीवरचे बंद कपाट करून घेतले. पावसाळ्यासह सगळे ऋतू त्यावरून गेले असल्याने आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल. कपाट चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच आणि आतून चौदा इंच खोल आहे. पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियमचे सेक्शन (चौकटीच्या पट्ट्या), सहा मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तीन फळ्या, टफन (उष्णतेने मजबूत केलेल्या) काचेची दोन दारे आणि पाठीला पांढरे एसीपी शीट (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेला तक्ता) अशी त्याची रचना आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या शोकेसपेक्षा आणि ऑनलाइन मागवलेल्या ॲक्रिलिक पेट्यांपेक्षा हे काम मला निःसंशय सरस वाटते. मात्र तसे करून घ्यायचे असेल तर दाराबाबत स्वतःचे म्हणणे ठामपणे मांडावे लागते, कारण कारागीर खिडक्या आणि दुकानांची शोकेस करणारा असतो आणि आपल्या वस्तूची नाजूक बाजू त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

उघड्या फळीवर प्रतिकृती ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तकावरची धूळ फडक्याने झटकता येते. पण १/७२ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या विमानाची अँटेना केसाएवढी असते, चाकांच्या झडपा नखाएवढ्या असतात आणि मॅट वॉर्निशचा खरखरीत पृष्ठभाग धूळ धरून ठेवतो. त्यात आपल्या घरांत रोजच्या फोडणीची तेलकट वाफ बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचते, त्यामुळे ती धूळ काही आठवड्यांत चिकट होते आणि मऊ ब्रशनेही निघत नाही. छताला नायलॉनच्या दोऱ्याने विमाने टांगण्याची पद्धत परदेशांतल्या छायाचित्रांत फार सुंदर दिसते, परंतु जिथे वर्षातले आठ-नऊ महिने छताचा पंखा फिरतो तिथे ती उपयोगाची नाही.

कपाट किती खोल हवे याचा हिशेब आधी कागदावर करावा. खऱ्या विमानाचे माप प्रमाणातल्या खालच्या आकड्याने भागले की प्रतिकृतीचे माप मिळते. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर. डकोटाचा सुमारे २९ मीटर, म्हणजे ४० सेंटिमीटर. सुखोई-३० ची लांबी जवळपास २२ मीटर, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. तयार शोकेस बहुधा एक फूट खोल असते आणि काच-सेक्शन वजा जाता आत अठ्ठावीस सेंटिमीटरही उरत नाहीत. सुखोई त्यात नाक पुढे करून बसत नाही, आडवे ठेवले तर केवळ एक बाजू दिसते, आणि विमान खुलते ते तिरके ठेवल्यावर. चौदा इंच खोलीचा आग्रह मी याचसाठी धरला होता आणि या कपाटातला तो सर्वांत योग्य निर्णय ठरला. मिग-२१ मोजताना तर पिटो नळी (हवेचा वेग मोजण्यासाठीची नळी) धरूनच मोजावे. १/७२ मध्ये नुसते धड वीस सेंटिमीटरचे असते, पण नाकापुढे आलेली ती सुईसारखी नळी प्रथम मोडते, आणि मोडली की विमानाचा चेहराच बदलतो.

आता दाराविषयी. कारागिराचा सल्ला होता, “सरकतं दार बरं पडतंय साहेब, जागा खात न्हाई.” खोली अरुंद असेल तर त्यात तथ्य आहे. परंतु सरकत्या दारांच्या दोन काचा एकमेकींच्या पुढे-मागे धावतात आणि त्यांच्यामध्ये बोटभर नसली तरी पेन्सिलभर फट कायम राहते. खालच्या चॅनेलमध्ये साठलेली धूळ दार सरकवताना आतच ढकलली जाते. शिवाय एका वेळी निम्मेच कपाट उघडते, त्यामुळे मधल्या भागातले विमान काढताना हात वाकडा करावा लागतो आणि पंखाचे टोक कशाला तरी लागते. म्हणून मी बिजागरीची दारे आणि चारही कडांना रबर गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) लावून घेतले. गॅस्केट लावलेल्या बाजूंनी आत धूळ जवळजवळ येत नाही, हे मी काळ्या रंगाच्या एका विमानावर बारकाईने पाहिले आहे: पंखांच्या मुळाशी, जिथे धूळ प्रथम दिसते, तिथे वर्षभरात हलकीशी झाकच आली. जी आली ती दोन दारे जिथे भेटतात त्या उभ्या फटीतून. तिथे ब्रशची पट्टी लावायला कारागीर नंतर आला, पण ती पहिल्यापासूनच हवी होती. एकच रुंद दार ठेवले असते तर ही फट मुळात उरली नसती. मात्र चार फुटी काचेचे दार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबते आणि कालांतराने खाली बसते, म्हणून एवढ्या रुंदीला दोन दारे अपरिहार्यच म्हणावी लागतील.

याच दारांची एक त्रुटी मात्र खरोखर त्रासदायक आहे. बंद राहण्यासाठी बसवलेले चुंबक फार जोरकस आहेत. दार ओढले की ते झटक्याने सुटते, कपाट थरथरते आणि फिरत्या चाकांची विमाने काचेच्या गुळगुळीत फळीवरून पुढे सरकतात. एकदा मिग इतके पुढे आले की त्याची पिटो नळी दाराच्या काचेला टेकली. सौम्य चुंबक मागून घ्यावेत, किंवा प्रत्येक विमानाला स्वतःचा पाया करावा. पायाचा दुसरा लाभ असा की मऊ व्हिनिलची चाके थेट रंगवलेल्या किंवा पॉलिस्टायरिनच्या (प्रतिकृती ज्या प्लास्टिकच्या असतात त्याच्या) पृष्ठभागावर वर्षानुवर्षे ठेवली तर त्यांतला प्लास्टिसायझर (व्हिनिल मऊ ठेवणारा पदार्थ) बाहेर येऊन तो पृष्ठभाग चिकट करतो; लाकडी पाया असला तर हा धोका टळतो.

प्रकाशयोजनेत कारागिराने एलईडी पट्टी नेहमीच्या सवयीने मागच्या कडेला लावली होती. त्याने पाठ उजळते आणि विमान काळोखे दिसते. पट्टी पुढच्या वरच्या कडेला, सेक्शनच्या आड हवी. मग पॅनेल रेषा (विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या) उठून दिसतात आणि सावली मागे पडते. पिवळसर प्रकाशात फिकट करडा रंग मळकट वाटतो, म्हणून ४००० केल्विनच्या आसपासची पट्टी घ्यावी. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर तापतो, त्यामुळे तो कपाटाबाहेर ठेवणे इष्ट. पश्चिमेचे ऊन येणारी भिंत तर अजिबात निवडू नये. खिडकीच्या साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो आणि पांढऱ्या डिकॅल (विमानावरची चिन्हे-अक्षरे चिकटवण्याच्या पातळ पट्ट्या) पिवळ्या पडतात.

काम पूर्ण झाल्यावर लगेच विमाने आत मांडू नयेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. सांधे भरायला वापरतात ते नेहमीचे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते. व्हिनेगरसारखा तो वास जाईपर्यंत दारे उघडी ठेवावीत. नाकात वजनासाठी शिसे भरलेले असेल किंवा चाकांचे पाय पांढऱ्या धातूचे (शिसे-कथिलाच्या मिश्रधातूचे) असतील तर ही वाफ त्यांना बाधते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात दमट कोंदटपणा येतो. प्लास्टिकला त्याचे काही नाही, पण लाकडी पाये फुगतात आणि पाठीला प्लायवूड असल्यास बुरशी धरते. एसीपी शीटमुळे माझ्याकडे ती अडचण आली नाही. कोपऱ्यांत ठेवलेले निळे सिलिका जेल गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरता येते.

ॲक्रिलिक पेट्यांना मी कमी लेखत नाही. ॲक्रिलिक काचेपेक्षाही स्वच्छ पारदर्शक असते, तर साध्या काचेची हिरवट झाक या कपाटातही कडेने पाहिल्यास जाणवते. एखाददुसऱ्या आवडत्या विमानासाठी पेटीच उत्तम. परंतु कोरड्या फडक्याने पुसताच त्यावर स्थिर विद्युत निर्माण होऊन धूळ आणखी खेचली जाते, चरे लवकर पडतात, आणि अमोनियायुक्त काच-स्प्रेने ते धुरकट होते. पाण्यात साबणाचा थेंब टाकून ओल्या मायक्रोफायबर कापडानेच पुसावे. नामफलक करणाऱ्यांकडून पेटी करून घेतल्यास तीही काही दिवस उघडी ठेवूनच वापरावी, कारण सांधे बहुधा क्लोरोफॉर्मने जोडतात आणि क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरिन विरघळवते.

खर्चाचे सांगायचे तर तीन-चार मोठ्या तयार पेट्यांच्या रकमेत हे कपाट झाले आणि त्यात पंचवीसेक लहान-मध्यम विमाने दाटी न करता बसली. बसवताना अँकर फास्टनर (भिंतीत रुतून बसणारे बोल्ट) विटेच्या पक्क्या भिंतीतच घ्यावेत. पंचगंगेच्या पुराची धास्ती असलेल्या भागांत २०१९ चा अनुभव लक्षात घेऊन तळमजल्यावर जमिनीलगतचे कपाट टाळणेच बरे.

बोइंग ७४७-४०० मात्र या कपाटात मावत नाही. १/१४४ मध्येही त्याचे पंख जवळपास एक हात पसरतात आणि लांबी ४९ सेंटिमीटर भरते. त्याच्यासाठी मी त्याच कारागिराला स्वतंत्र पेटी सांगितली आहे: आतून वीस इंच खोल, एकच बिजागरीचे दार, हिरवट झाक नसलेली काच, सौम्य चुंबक, आणि विमानाचे पोट दिसावे म्हणून तळाला आरसा.