‘न्यूटन’ लावायचा की ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’?

पडदा ठरला, प्रोजेक्टर ठरला, माणसं येणार हेही ठरलं. घोडं अडलंय सिनेमावर. देशप्रेम हवं पण भाषणबाजी नको, हसू हवं पण पाचकळपणा नको. अशा मागणीला ही दोन नावं हमखास निघतात.

‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ जानेवारी 2000 मधला, अझीझ मिर्झांचा. शाहरुख आणि जुही एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या चॅनेलचे बातमीदार. फाशीसुद्धा टीव्हीवर थेट दाखवण्यापर्यंत मजल जाते, आणि ही थट्टा तेव्हापेक्षा आज जास्त झोंबते. उत्तरार्धात मात्र टोमणे मागे पडतात आणि तिरंगा घेऊन गर्दी रस्त्यावर उतरते. एकट्याने पाहिलं तर हे सगळं भडक वाटतं. चारचौघांत टाळ्या पडतात. लांबी अडीच तासांहून जास्त. कथेत बलात्काराचा धागा आहे, लहान मुलं येणार असतील तर आधीच विचार करा.

अमित मसूरकरांचा ‘न्यूटन’ (2017) पावणेदोन तासांत आटोपतो. छत्तीसगडच्या जंगलात 76 मतदारांसाठी मतदान केंद्र लावायचं, एवढंच काम. नियमावर बोट ठेवणारा राजकुमार राव आणि हा खटाटोप कशाला, असं वाटणारा सुरक्षा दलाचा अधिकारी पंकज त्रिपाठी. खरी मजा या दोघांत आहे, कारण त्रिपाठीचा अधिकारी खलनायक नाही. त्याचं म्हणणंही पटतं आणि तिथेच आपली पंचाईत होते. ज्यांनी मतं द्यायची, त्यांना उमेदवारच माहीत नाहीत. तो प्रसंग हसवतो आणि लगेच खजील करतो. रघुवीर यादवांचा लोकनाथ तर निव्वळ चैन. ऑस्करसाठी भारताने हाच पाठवला होता, पण त्यावरून तो जड असेल असं समजू नका.

अडचण एकच. यातले विनोद हळू आवाजात, बोलता बोलता निसटून जातात. उघड्यावर, साधा स्पीकर, मागे गप्पा अशी व्यवस्था असेल तर निम्मा सिनेमा वाया जाईल. तिथे शाहरुखच बरा.

बंद खोली आणि ऐकणारी माणसं असतील, तर माझं मत बिनदिक्कत ‘न्यूटन’ला. फक्त लवकर सुरू करा. नंतर ‘चूक कोणाची?’ यावर वाद रंगतो आणि लोक उठत नाहीत.

दोन्हींवर एकमत होत नसेल, तर सीमेपलीकडे चुकून पोचलेल्या सिनेमावेड्याचा ‘फिल्मिस्तान’ काढा. उपरोध सौम्य आहे, पण त्याला कोणी नाही म्हणणार नाही.