पाणचक्की बघायची तर दगडापाशी थांबा

आमची वैजापूरकडे पिठाची गिरणी आहे. आजोबांनी डिझेल इंजिनावर सुरू केली, वडिलांनी मोटर बसवली, आता मी बसतो. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत शिरलो तेव्हा हौद आणि कारंजी नंतर बघू म्हटलं, आधी दगड. सोबत आई होती. माहेरी रोज पहाटे जात्यावर दळलेली बाई. गिरणीवाल्याच्या घरी दिली म्हणून हात सुटले, असं ती अजून सांगते.

जागा खाम नदीच्या काठाला, महमूद दरवाजाजवळ. तिकीट अगदी थोडं. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा इथे आहे. ते बुखाऱ्याकडून इकडे आलेले. चक्की त्यांच्याच ठिकाणी येणाऱ्या फकीर-वाटसरूंच्या जेवणासाठी बांधली, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी. मला हे फार मोलाचं वाटतं. बाजूला मशीद आहे, राहायच्या जागा आहेत, आणि या सगळ्यांच्या पोटाची सोय म्हणून ही चक्की. आलेल्या माणसाला भाकरी मिळाली पाहिजे, तर पीठ रोज निघालं पाहिजे.

पाणी कुठून येतं ते नीट समजून घ्या, त्याशिवाय मजा नाही. हर्सूलच्या बाजूला नदीजवळ एक विहीर आहे, तिथून ते निघतं. जमिनीखालच्या नहरीतून, मातीच्या नळांतून मैलोन् मैल उताराने येतं, आणि चक्कीपाशी उंच दगडी बांधकामात स्वतःहून वर चढतं. पंप नाही, मोट नाही. उगम उंचावर आणि वाट बंद, म्हणून पाणी आपली पातळी गाठायला वर जातं. तेवढ्या उंचीवरून ते खाली सोडलं की त्याला जोर येतो, आणि तो जोर चाकाच्या पात्यांवर बसतो. शहरात नहरीची विद्या त्याही आधीची, मलिक अंबरच्या काळापासूनची. ती इथे दळणाला जुंपली.

आता चक्की. पाणचक्की म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बैलगाडीच्या चाकासारखं उभं चाक येतं. इथलं चाक आडवं आहे, पंख्यासारखं. त्याच्या मधून उभा दांडा निघतो आणि थेट वरच्या दगडाला जाऊन मिळतो. पट्टा नाही, दात्यांची चाकं नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. आमच्या गिरणीत पट्टा घसरतो, बेअरिंग जातं, लाइट गेली की दळणाचे डबे तसेच रांगेत राहतात. इथे बिघडायला जागाच किती कमी ठेवली आहे, हे मी बराच वेळ वाकून बघत राहिलो. आणखी एक गोष्ट, जी आमच्या धंद्यातल्या माणसालाच चटकन कळेल: दगड सावकाश फिरतो. मोटरच्या चक्कीतून पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम पडतं, घाई केली तर करपल्याचा वास येतो. सावकाश दगडाचं पीठ गारच पडणार.

आई मात्र बघत नव्हती, ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, रिकामंच फिरतंय." रिकामं जातं फिरवू नये, असं आमच्याकडे मानतात. दगडावर दगड घासला की टाकी, म्हणजे दळण्यासाठी दगडाला छिन्नीने पाडलेला खरखरीतपणा, लवकर बोथट होते, पिठात कच येते, आणि अन्नाच्या जागी रिकामपण बरंही वाटत नाही. मी तिला म्हटलं, "आई, घासल्याचा आवाज नाही, वरचा दगड उचललेला असेल." तिचं समाधान झालं नाही. तिने कठड्यावर हात ठेवला आणि जात्यात घास घालताना बोटं जशी उघडतात तशी नुसतीच उघडली. माझ्याही मनात तेच आलं. वर्षातून एखाद्या दिवशी इथे पायलीभर ज्वारी खरोखर दळली, आणि आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर पीठ ठेवलं, तर पोरांना हे यंत्र जन्मभर लक्षात राहील.

आम्ही तिथे असताना सहलीची एक तुकडी आली. सोबतच्या गाइडने "ही चक्की, पाण्यावर चालते" एवढंच सांगून पोरांना फोटोसाठी हौदाकडे नेलं. मला वाईट वाटलं. दोन पोरं मागे राहिली होती, त्यांना मी पाणी, पातं, दांडा, दगड असं बोट दाखवून सांगितलं. एकाने विचारलं, "काका, मग वीज कुठून येते?" नाहीच येत म्हटल्यावर तो परत खाली वाकला.

हौदही बघण्यासारखा आहे, नाही कसा. 164 फूट लांब, 31 फूट रुंद, आणि त्याचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. एवढ्या पाण्याचं ओझं जाड खांबांनी पेललंय. डोक्यावर पाणी असल्यावर उन्हाळ्यातही आत गारवा राहणार. पलीकडे एक अवाढव्य वड आहे, सहाशे वर्षांचा म्हणतात. आई त्याच्या सावलीत टेकली आणि अर्धा तास उठली नाही.

जायचं तर पावसाळ्यानंतर जा, पाण्याला जोर असतो. दर्ग्यात जाताना चपला बाहेर, डोकं झाकायला रुमाल जवळ असू द्या. घरात जात्यावर दळलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला न्याच, पायऱ्यांपाशी मात्र हात धरा. बीबी का मकबरा इथून जवळ आहे, एका दिवसात दोन्ही होतं. आधी पाणचक्की करा. मकबऱ्याहून दमून आलात तर दगडापाशी थांबणं होत नाही.