ज्ञानेश्वर जयंती: घरी की मंडळात?

माऊलींचा जन्म १२७५ चा, श्रावण वद्य अष्टमी, म्हणजे गोकुळाष्टमीच, पण इथे इंदूरच्या हिंदी पंचांगात तोच दिवस भाद्रपदात दिसतो म्हणून मुलं हमखास गोंधळतात. मंडळात गेलं की टाळ-मृदंग, कीर्तन, चार आपली माणसं भेटतात, पोरांच्या कानावर मराठी पडतं, हे खरंच मोठं आहे. पण माईकच्या आवाजात माझं मन लागत नाही. घरी कसं, फोटोला तुळशीचा हार, समई, आई ओळींवर बोट ठेवत हरिपाठ वाचते, लेक अडखळत पसायदानाच्या ९ ओव्या म्हणतो आणि रात्री बाराला सुंठवडा, बोटांना चिकटलेला सुद्धा चाटून खायचा. जयंती घरीच, मंडळात दुसऱ्या दिवशी काल्याला जाते.