घरचं लाकूड पॉलिश: मेण, जवस की चपडी?

घरगुती लाकूड पॉलिशची कृती शोधायला बसलात की सगळ्यात आधी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस ही जोडी पुढे येते. कुणी लिंबाऐवजी व्हिनेगर घालतं, कुणी ऑलिव्हऐवजी खोबरेल. लावल्या लावल्या टेबल असं उजळतं की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. तरी ही जोडी मी तुलनेतून सुरुवातीलाच बाद करते, कारण ते पॉलिश नाही. ती नुसती पुसापुशी आहे.

कारण साधं आहे: ही तेलं वाळत नाहीत. तेल वाळणारं आहे का, हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं. ते साधारण १३० च्या वर असेल तर तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि लाकडावर पापुद्रा धरतं. जवसाच्या तेलाचं मूल्य १७० ते २०० असतं, ऑलिव्हचं ८० च्या आसपास, खोबरेलाचं जेमतेम १०. त्यामुळे ऑलिव्ह लाकडावर ओलंच राहतं, धूळ ओढतं आणि पुढे खवट होतं. खोबरेल सहसा लवकर खवटत नाही, पण थंडी पडली की थिजतं आणि नक्षीच्या खाचांमध्ये पांढरं होऊन बसतं. लिंबाचा रस घातलेली बाटली तर चार दिवसांत फेकावी लागते. खोबरेलाची खरी जागा म्हणजे पोळपाट-लाटणं. ते सारखं धुतलं जातं, पोटात जाणाऱ्या पदार्थाला लागतं, तिथे अधूनमधून खोबरेलाचा हात फिरवणं सगळ्यात बरं.

उरले तीन खरे उमेदवार: मधमाशांचं मेण, जवसाचं तेल आणि चपडी लाख, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी राळ (शेलॅक).

आधी लाकडावर काय आहे ते बघा

निम्मा निर्णय इथेच होतो. कपाटाच्या आतल्या बाजूला किंवा खुर्चीच्या पायाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवून ठेवा. जागा चिकट झाली तर वर चपडीचं फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने काही न होता थिनरने विरघळली तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन, म्हणजे कृत्रिम लेप. आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो थोड्याच वेळात आत जिरला तर लाकूड उघडं आहे.

पीयूच्या फर्निचरवर यातलं काहीच आत शिरणार नाही, ओला फडका आणि मग कोरडा फडका, एवढंच त्याचं पथ्य. सनमायकालाही तेच.

जुनं फ्रेंच पॉलिश शाबूत असेल, फक्त निस्तेज झालं असेल, तर वरून मेण. ते जागोजागी झिजलं असेल तर चपडीच, कारण नवी चपडी जुनीला थोडं विरघळवून तिच्यात मिसळते आणि सांधा दिसत नाही. लाकूड उघडं असेल तरच तिन्ही पर्याय खुले.

करायला कोण सोपं?

मेण, वादच नाही. एक भाग मेण आणि चार भाग जवसाचं तेल, वजनाने. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, म्हणून पातेलं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवा. वितळलं की तेल घाला, ढवळा, गार होऊ द्या. पातळ हात फडक्याने लावायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग जोर लावून घासायचं. चमक घासण्यात आहे, डबीत नाही. जास्त लावलं तर नुसतं चिकट होतं.

जास्त कडक, कोरडी चमक हवी असेल तर तेलाऐवजी टर्पेंटाइन, मेणाच्या दोन-तीन पट. ते उडून जातं आणि मागे नुसतं मेण राहतं. मात्र मेण वितळल्यावर गॅस बंद करा, पातेलं गॅलरीत न्या, मग टर्पेंटाइन ओता. त्याची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. पाइनच्या राळेतून काढलेलं म्हणून ते नैसर्गिक आहे हे खरं, पण डोकं त्यानेही दुखतं.

मेण घेताना एक बघा. बाजारात नुसतं ‘मेण’ मागितलं तर बहुतेक वेळा पॅराफिन हातात पडतं, मेणबत्तीचं. मधमाशांचं मेण पिवळसर असतं, हाताच्या उबेने मऊ होतं आणि त्याला मधाचा वास असतो. मधपाळांकडून घेतलेलं उत्तम.

जवसाच्या तेलाला कृतीच नाही, नुसतं लावायचं. पण कुठलं लावायचं यात सगळी मेख आहे. घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला दिवस नाही, आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल (म्हणजे ‘बॉइल्ड’ जवसाचं तेल) दिवसभरात, फार तर दोन दिवसांत वाळतं, कारण त्यात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात. ‘पूर्ण नैसर्गिक’ हवं असा तुमचा आग्रह असेल तर बेलतेल त्यात बसत नाही. मग कच्चं तेल घ्या आणि वेळ द्या. क्रिकेटच्या नव्या बॅटला लावतात तेच हे तेल. तीन हात द्यायचे, दर वेळी अर्ध्या तासाने लाकडाने न प्यायलेलं तेल पुसून काढायचं. पुसलं नाही तर वर कायमचा चिकट थर बसतो, आणि तो खरवडूनच काढावा लागतो.

या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि फडका आपोआप पेटू शकतो. दोरीवर मोकळा पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चपडीला मात्र हात बसावा लागतो. १०० ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात ती काळवंडते. एक-दोन दिवस अधूनमधून हलवत राहिलं की विरघळते, मग मलमलीतून गाळायची. सुती कापडात कापूस गुंडाळून पोटली करायची आणि ती न थांबता फिरवायची. हात थांबला तिथे डाग. एकेक हात अर्ध्या-पाऊण तासात वाळतो. दर दोन-तीन हातांनी ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा. आरशासारखी चमक हवी असेल तर कारागीरच बोलवा, घरी साध्या रेशमी उजाळीवर समाधान माना. स्पिरिट विषारी आहे आणि झटकन पेटतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि देवापुढची निरांजनं विझलेली.

पाणी, चहा आणि पावसाळा

मेण पाणी थोडा वेळच अडवतं, गरम कप ठेवला की वळं उमटतं, पण ते वळं नुसतं घासून जातं. चपडी पाण्याच्या शिंतोड्यांना पुरते, पण ओला पेला रात्रभर राहिला की पांढरं कडं धरते. गरम पातेल्याने मऊ पडते, आणि दारू किंवा सॅनिटायझर सांडला तर विरघळतेच. जवसाचं तेल पूर्ण मुरल्यावर उष्णतेला तिघांत सगळ्यात खंबीर.

पण कोकणात, गोव्यात, मुंबईत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. दमट हवेत कच्चं जवस वाळायचं नाव घेत नाही आणि त्यावर बुरशी आवडीने चढते. चपडी पावसात लावली तर ओल धरून दुधाळ होते. म्हणून दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काम उरकावं. मेण त्यातल्या त्यात कधीही चालतं, पण लाकूड आतून कोरडं हवं. विदर्भात उलट: मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलेल्या टेबलावरचं मेण मऊ पडतं आणि त्यावर कागद चिकटतो.

वाळवीला या तिघांपैकी कुणीही थांबवत नाही. कडुनिंबाचं तेल मिसळायचा सल्ला मिळतो. त्याने वास मात्र घरभर होतो.

रंग, आणि पुढे मत बदललं तर

मेणाने रंग फारसा बदलत नाही. जवस लाकूड गडद करतं आणि वर्षागणिक पिवळं पडत जातं. सागावर ते शोभतं, फिकट लाकडावर नाही. चपडी नारिंगी-तांबूस झाक देते, जुन्या शिसवी कपाटांचा तो ओळखीचा रंग हिचाच.

मला यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळा वाटतो. मेण हा शेवटचा थर आहे. एकदा ते लावलं की त्यावर पीयू काय, चपडीही नीट धरत नाही. आधी टर्पेंटाइनने पुसून पुसून मेण काढावं लागतं. चपडी मात्र वाळलेल्या तेलावरही बसते आणि पुन्हा स्पिरिटने काढताही येते. म्हणून पुढच्या दोन-चार वर्षांत नवं पॉलिश करून घ्यायचा विचार असेल तर उघड्या लाकडावर मेणाची घाई करू नका.

माझा कौल

आजीच्या वेळचं कपाट, पॉलिश धड पण मळकं: आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, मग मेण, वर्षातून दोनदा. जेवणाचं उघड्या सागाचं टेबल: जवस, आणि वर्षातून एक नवा हात. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे दोन हातांमध्ये एक दिवस जास्तच जाऊ द्या. पाळणा किंवा मुलांची खेळणी: चपडी. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही तिचाच थर देतात, तेव्हा पूर्ण वाळल्यावर तोंडात गेली तरी चिंता नाही. मात्र त्यासाठी रंग मिसळलेलं तयार पॉलिश नको, नुसती चपडी घ्या. गॅलरीतला झोपाळा: जवस, पण दर हिवाळ्यात न चुकता, नाहीतर सरळ बाहेरच्या वापराचं वॉर्निश करून घ्या. देव्हाऱ्यात समईच्या वरचा भाग तापतो, तिथे मेण वितळतं आणि चपडी मऊ होऊन काजळी धरते. तेवढ्या पट्टीला जवस आणि बाकी देव्हाऱ्याला चपडी दिली तरी चालतं. फक्त आधी तेल, ते पूर्ण वाळू द्या, मग चपडी.